पिशवी आधीपासून फ्रिजमध्ये हवी

मोठा अपघात झाला, की तासाभरात मोबाइलवर निरोप फिरतात आणि रुग्णालयाबाहेर तरुणांची रांग लागते. जून २०२३मध्ये ओडिशात बालेश्वरजवळ रेल्वे अपघात झाला, तेव्हाही रातोरात शेकडो जण रक्त द्यायला आले. त्यांची तळमळ खरी होती. पण आत्ता दिलेलं रक्त लगेच समोरच्या जखमीला चढवतात, हा समज खरा नाही. घेतलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी करावीच लागते. लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट वेगळे करावे लागतात. त्यात काही तास जातात. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि नुसतं मांडीचं हाड मोडलं तरी आतल्या आत लिटरभर रक्त जाऊ शकतं. इतके तास जखमीकडे नसतात. त्याला वाचवते ती आठवड्यापूर्वी कुणीतरी दिलेली, तपासून फ्रिजमध्ये ठेवलेली पिशवी.

मग भरपूर गोळा करून ठेवावं, असं वाटेल. पण लाल पेशी थंडाव्यात जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट सतत हलते ठेवूनही फक्त पाच दिवस. वर्षभर टिकतो तो गोठवलेला प्लाझ्मा. म्हणून एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला एका दिवसात हजार पिशव्यांचं महाशिबिर भरवणं मला अजिबात पटत नाही. त्यातल्या काही पिशव्यांची तारीख वापराआधीच उलटते आणि ते हजार दाते पुढचे तीन महिने रक्त देऊ शकत नाहीत. पुरुषांना ९० दिवस थांबावं लागतं, बायकांना १२०. तेच शिबिर दहा मंडळांनी महिन्यामहिन्याने वाटून घेतलं तर रक्तपेढी वर्षभर चालेल. महाराष्ट्रात टंचाई येते ती मे महिन्यात आणि दिवाळीत: कॉलेजं बंद, नेहमीचे दाते गावी. मार्च २०२०च्या टाळेबंदीत शिबिरं थांबली, तेव्हा साठा इतका घटला की राज्य सरकारला रक्तदानाचं आवाहन करावं लागलं.

तातडीची गरज म्हणजे रस्त्यावरचा अपघात, हाही अर्धवट समज. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जात असतं. बाळंतपणानंतर ते वाहू लागलं, तर जवळ रक्त नसलेल्या रुग्णालयात डॉक्टर कितीही हुशार असोत, त्यांचे हात बांधलेले असतात. अशा वेळी मध्यरात्री नवऱ्याला ‘डोनर घेऊन या’ म्हणून बाहेर पाठवणं क्रूर आहे, आणि धोक्याचंही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालामुळे पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८पासून बंदी आली. पण असा हतबल नातेवाईक बाहेर पडला, की रक्त विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं. टंचाई असली, तर आधी ठरवलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलता येतात. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच.

रक्त दिल्याने अशक्तपणा येतो, ही भीती फार जुनी. बहुतेक वेळा ३५० मिलिलिटर घेतात. हिमोग्लोबिन १२.५ आणि वजन ४५ किलो असेल तरच घेतात. द्रवाचा भाग एकदोन दिवसांत भरून निघतो, लाल पेशी काही आठवड्यांत.

राहिला ओ निगेटिव्ह. गट तपासून रक्त जुळतं का ते (क्रॉसमॅच) बघायलाही वेळ नसतो, तेव्हा हाच गट आधार असतो. पण भारतात आरएच निगेटिव्ह माणसं शंभरात जेमतेम पाचच्या आसपास, आणि हा गट सर्वांना चालतो हेही पूर्ण खरं नाही. १९५२मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेल्या ‘बॉम्बे’ गटाच्या रुग्णाला ओ निगेटिव्ह चढवलं तर जिवावर बेतू शकतं. साध्या तपासणीत हा गट ओ असल्यासारखाच दिसतो. या रुग्णाला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं, म्हणून अशा दात्यांची यादी आधीपासून हाताशी असावी लागते.