डुकाटीचे शौकीन आणि लुनाचा तालुका

पावसाळ्यातल्या रविवारी पुण्याहून माळशेजला निघालेल्या मोठ्या मोटरसायकलींच्या टोळ्या मंचर, कळंब, नारायणगाव ओलांडून आळेफाट्याला चहाला थांबतात. त्यांत केटीएम असतात, ट्रायम्फ असतात, एखादी कावासाकीही असते. पण आसपासची पोरं मोबाइल काढून घोळका करतात तो लाल डुकाटीभोवती. ‘कितीला पडली?’ हा पहिला प्रश्न, ‘किती पळते?’ हा दुसरा. ‘ॲव्हरेज किती देते?’ असं विचारणारे एखादे बाबा असतातच, आणि सगळे त्यांना हसतात. माझ्या मते त्या घोळक्यात शहाणे तेवढेच.

परवडणार नाही, दारात उभी राहणार नाही, तरी तिची खडान्‌खडा माहिती ठेवायची, हा शौक जुन्नर-आंबेगावला नवा नाही. बैलगाडा शर्यतीच्या घाटावर उभे असलेल्यांपैकी किती जणांच्या दावणीला शर्यतीचा बैल असतो? तरीही कोणाची बारी किती सेकंदांत बसली, कोणता बैल कोणाकडून आला, हे त्यांना तोंडपाठ असतं. डुकाटीचा चाहता याच जातकुळीचा. पल्सरच्या टाकीवर रेसर व्हॅलेंटिनो रोसीचा ४६ आकडा चिकटवणाऱ्याला रोसी २०११ आणि २०१२ साली डुकाटीवर एकही शर्यत जिंकू शकला नाही, हेही ठाऊक असतं. सप्टेंबर २०२३मध्ये ग्रेटर नोएडाला भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली, ती मार्को बेझेकीनं डुकाटीवरच जिंकली.

या गाडीत आहे तरी काय? इटलीतल्या बोलोन्याच्या या कंपनीनं १९२६ साली रेडिओचे सुटे भाग करत सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यावर बॉम्ब पडले. युद्धानंतर सायकलला बसवायचं छोटं इंजिन करता करता ती मोटरसायकलीत शिरली. पुढे फाबिओ टालिओनी नावाचा अभियंता आला. इंजिनाचा व्हॉल्व्ह कॅम उघडतो आणि स्प्रिंग बंद करते, ही सर्वसाधारण रीत. फार वेगात स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही. टालिओनीनं १९५६च्या रेसिंग गाडीत बंद करण्याचं कामही कॅमकडेच सोपवलं. हीच ती ‘डेस्मो’ रचना, जिच्यावर शौकीन तासन्‌तास बोलतात. तिचं दुसरं अंग म्हणजे खर्चिक, वेळखाऊ ट्यूनिंग. त्यात जुन्या मॉडेलांचा कोरडा क्लच असा खडखडतो की आपला मेकॅनिक म्हणेल, ‘इंजिन खोलावं लागेल.’ शौकिनाला तेच संगीत वाटतं. आणि मासिमो ताम्बुरिनीची १९९४ची ९१६ पाहिली, की सीटखालून निघालेले दोन सायलेन्सर आणि एकाच बाजूनं धरलेलं मागचं चाक बघून हिशेबी माणूससुद्धा गप्प होतो. मीही झालो आहे.

पण इटली या तालुक्यांत डुकाटीबरोबर आली असं कोणी म्हणत असेल तर ते खोटं. ती कितीतरी आधी आली, आणि ओझी वाहत आली. बजाज ऑटो १९६०च्या दशकात इटलीच्या पियाजिओच्या परवान्यानं व्हेस्पा स्कूटर बनवत होती. १९७१ साली करार संपला आणि १९७२ साली त्याच घराण्यातली चेतक आली. फिरोदियांच्या कायनेटिकची लुनाही १९७२चीच, आणि तीही पियाजिओच्या चाओ मोपेडवरून घेतलेली. दुधाच्या किटल्या, खताची पिशवी, मागे बसलेली बायको एवढं सगळं ओढणाऱ्या लुनेला इटालियन म्हणावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात क्रेट वाहणारी ॲपे रिक्षा तर उघडउघड पियाजिओची, बारामतीत बनलेली. तिच्याबरोबर सेल्फी कोणी काढत नाही.

मधल्या काळात पुण्यातून इटालियन नावं विकण्याचे दोन प्रयत्न झाले. डीएसकेनं २०१५ साली बेनेली आणली. पेसारो गावची ही कंपनी १९११ची, पण २००५पासून मालकी चिनी. चार सिलिंडरच्या ६०० सीसी गाडीच्या आवाजावर पोरं फिदा झाली, मालकीची चौकशी कोणी केली नाही. लुना आणणाऱ्या फिरोदियांच्याच कायनेटिकनं २०१६ साली एमव्ही ऑगस्टा आणली. दोन्ही प्रयत्न टिकले नाहीत. गाड्या देखण्या होत्या, पण सुट्या भागांसाठी वाट पाहायला लावणारी गाडी शोरूमबाहेर फार काळ कौतुकाची राहत नाही.

आणि आपले रस्ते! ओतूरकडून माळशेजला निघा किंवा घोडेगाव, डिंभेवरून भीमाशंकरला. गतिरोधक आधी दिसत नाहीत, ऊस तोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्री दिव्यांशिवाय उभ्या असतात आणि उसातून बिबट्या आडवा येतो. नाणेघाटाच्या वाटेवर धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही. डुकाटीची महागडी पानिगाले तिथं दुसऱ्या गिअरमध्ये तापत राहते. तिच्यासाठी ना हा रस्ता, ना हा वेग.

म्हणूनच मला डुकाटीहून महत्त्वाची वाटते ती एप्रिलियाची आरएस ४५७. दोन सिलिंडर, सुमारे ४७ अश्वशक्ती, डिसेंबर २०२३मध्ये भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत चार लाख दहा हजार. इटलीतल्या नोआले गावच्या कंपनीची ही गाडी बनते बारामतीत, आपल्याच पुणे जिल्ह्यात, आणि इथून युरोप-अमेरिकेत जाते. ॲपेचा आणि हिचा कारखाना एकाच गावात. तरीही आळेफाट्यावर ती उभी राहिली तर तिच्याभोवती घोळका जमत नाही, ‘बारामतीची का?’ म्हणून पोरं पुढे सरकतात. हे मला पटत नाही. ज्यांना खरोखर इटालियन गाडी चालवायची आहे, नुसती बघायची नाही, त्यांनी हप्त्याचा हिशेब करावा, सुटे भाग किती दिवसांत मिळतात ते आधी विचारावं, आणि बारामतीचीच घ्यावी. माळशेजला मात्र पावसात बेतानं.