उरले किती? पाच!

मनात काही रुपये धरा. तेवढेच मित्राकडून उसने घ्या. त्यात माझे दहा मिळवा. झालेल्या बेरजेतले निम्मे देवाच्या पेटीत टाका. आता मित्राचे उसने फेडा. उरले किती? पाच!

हा खेळ बहुतेकांना पुस्तकातून नव्हे, मित्राकडून कळतो. मला तो कळला राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवण्यात. गड उतरून आम्ही एसटीची वाट बघत होतो. एकाने कोडं घातलं, बाकीचे फसलो; आणि घरी पोचताच प्रत्येकाने आणखी चौघांना फसवलं. या खेळाला ना कागद लागतो, ना सोंगट्या. शिवाय फसलेल्याला दुसऱ्याला फसवल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणूनच असे खेळ तोंडोतोंडी पसरतात.

यात मनकवडेपणा मात्र काही नाही. समजा, तुम्ही ७ धरले. मित्राचे ७ मिळून १४. माझे १० मिळून २४. निम्मे दिले, राहिले १२. मित्राचे ७ फेडले, उरले ५. सातऐवजी सत्तर धरा, तरी पाचच! कारण तुमच्या रकमेइतके पेटीत जातात आणि तेवढेच मित्राला. तुमची रक्कम हिशेबातून पुरती बाद होते. मागे राहतात ते माझ्या दहाचे निम्मे. शाळेत ‘क्ष मानू’ म्हटलं की ज्याला घाम फुटतो, तोच मुलगा इथे हसत हसत ‘क्ष’ वापरत असतो.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी तर अशा आकड्यांच्या खेळातून जगाला नवं गणित दिलं. चार अंकी संख्या घ्या; चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा आणि त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. तीनच अंक आले तर आधी शून्य धरा. फार तर सात वेळा केलं की ६१७४ येतेच आणि मग बदलत नाही. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा ते जगभर पोचले.

तेव्हा मुलांना जरूर फसवा. पण नंतर विचारा, ‘मी दहाऐवजी वीस दिले तर किती उरतील?’ हे ज्याला सांगता आलं, त्याला पुढे कोणी मनातलं ओळखतो म्हणून दक्षिणा मागू लागला, तर तो आधी हिशेब मागेल.