पैसे काढून बघितले, मिळालेही, तरी फसले! ऑनलाइन गुंतवणुकीत आपली ‘चाचणी’ का चुकते?

‘अरे, तू कॉम्प्युटरमधला ना? हे ॲप बघ जरा.’

मोशीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या काकांनी मोबाइल पुढे केला. शेअर ट्रेडिंगचं ॲप होतं. हिरव्या अक्षरात नफा, खाली शेअरची यादी, हलणारे आलेख. मला ऑफिसला उशीर होत होता. ‘छान बनवलंय की काका,’ एवढं बोललो आणि बाइक काढली.

अडीच महिन्यांनी काका घरी आले, तेव्हा ६ लाख ४० हजार रुपये गेले होते. मुलीच्या ॲडमिशनसाठी ठेवलेली एफडी मोडली होती आणि काकूंना अजून सांगितलं नव्हतं.

‘टाकण्याआधी काही तपासलं नव्हतं का?’ मी विचारलं. काका चिडलेच. ‘तपासूनच टाकले रे! आधी दहा हजार टाकले. चार दिवसांनी १३,२०० काढून बघितले. बँकेत आले. मगच पुढचे टाकले.’

काका चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. बाहेरून आलेला माल तपासायचा, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. ‘हावरट माणूस फसतो’ असं आपण पटकन म्हणतो, पण काकांनी सावध माणूस जे करेल तेच केलं होतं. आणि सापळा नेमका त्यासाठीच लावलेला होता.

स्क्रीनवरचा आकडा येतो कुठून?

कुठल्याही ॲपमध्ये दिसणारी रक्कम सर्व्हरकडून येते. बँकेच्या ॲपमधल्या आकड्यामागे बँकेचं खातेपुस्तक, ऑडिट आणि रिझर्व्ह बँक असते. बनावट ॲपमागे फक्त डेटाबेसमधला एक तक्ता असतो. तुमच्या नावापुढच्या रकान्यात समोरचा माणूस जो आकडा टाइप करेल, तो तुम्हाला दिसतो. शेअर खरेदी झालेलेच नसतात.

मग टीव्हीवरचे भाव आणि ॲपमधले भाव जुळतात कसे? कारण भाव खरेच असतात, बाजारातून थेट उचललेले. भाव खरा, शेअर खोटा. असं दाखवण्यापुरतं ॲप उभं करायला एखाद्या होतकरू डेव्हलपरला फार दिवस लागत नाहीत. मी ‘छान बनवलंय’ म्हणालो ते खोटं नव्हतं. पण ॲप छान असणं हा पुरावाच नाही, हे मला त्या दिवशी सुचायला हवं होतं.

काढलेले पैसे खरे होते, तरी चाचणी चुकली

मी काकांना विचारलं, ‘सप्लायरने स्वतः निवडून पाठवलेले पाच पीस बघून तुम्ही अख्खा लॉट पास कराल का?’

‘छे! खोक्यातून आपल्या हाताने काढायचे.’ बोलता बोलता ते थांबले.

काढून बघितलेले १३,२०० हे सप्लायरने निवडलेलं सॅम्पल होतं. त्यातले दहा हजार काकांचेच. म्हणजे टोळीचा खर्च ३,२०० रुपये, पुढे मिळालेल्या रकमेच्या अर्धा टक्का. त्या चाचणीतून एवढंच कळलं की त्या दिवशी पैसे देणं त्यांच्या सोयीचं होतं. पुढचे पैसे परत मिळतील की नाही, याबद्दल ती काहीच सांगत नाही.

हेच पुण्यात मोठ्या प्रमाणावर झालं

गेनबिटकॉइन आठवतंय? बिटकॉइन गुंतवा, त्यावर मायनिंग करून दरमहा १० टक्के, असे १८ महिने देऊ, असं आश्वासन होतं. म्हणजे १ बिटकॉइन दिला की १.८ परत. सुरुवातीला लोकांना खरंच बिटकॉइन मिळाले. त्यांनी ते नातेवाइकांना दाखवले आणि साखळी वाढत गेली.

इथे तांत्रिक बाजू थोडी बघू. बिटकॉइनचं नेटवर्क दर २०१६ ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, मायनिंगचा अवघडपणा बदलतं. जगात यंत्रं वाढली की आपल्या त्याच यंत्राच्या वाट्याला कमी बिटकॉइन येतात. शिवाय जुलै २०१६ मध्ये एका ब्लॉकचं बक्षीस २५ वरून १२.५ बिटकॉइनवर आलं. अशा धंद्यात १८ महिने ठरावीक बिटकॉइनची हमी कोणालाच देता येत नाही. पण हे गणित करायला कोणी बसलं नाही, कारण ‘शेजाऱ्याला मिळाले’ हा पुरावा हातात होता.

नवे लोक कमी झाले, तसे २०१७ मध्ये बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचं त्यांचंच टोकन देणं सुरू झालं. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला अटक केली. २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. तपास पुढे सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्येही देशभर छापे पडत होते. गुंतवणूकदार अजून वाट बघत आहेत.

मध्येच थांबणं का जमत नाही?

काकांना ज्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं होतं, तिथे रोज लोक नफ्याचे स्क्रीनशॉट टाकायचे. ‘सर, थँक्यू’ म्हणणारे ते बहुतेक टोळीचेच असतात. गर्दी हा पुरावा वाटतो, पण इथली गर्दीही सप्लायरचीच.

मग आयपीओ येतो. तुम्ही थोडे शेअर मागता, ॲपमध्ये भरमसाट ‘अलॉट’ झालेले दिसतात. उरलेले पैसे भरा, नाहीतर खातं गोठेल. ते भरले की पैसे काढण्याआधी टॅक्स भरा. तोवर स्क्रीनवर ४१ लाख दिसत असतात, त्यामुळे दीड लाख टॅक्स छोटाच वाटतो. आणि घरी सांगितलेलं नसतं, म्हणून विचारायलाही कोणी नसतं. काकांचे शेवटचे दीड लाख असेच गेले.

मग तपासायचं काय?

नियम एकच: पुरावा त्यांच्या ॲपमधून घ्यायचा नाही, बाहेरून घ्यायचा.

१. ब्रोकरचं नाव आणि नोंदणी क्रमांक सेबीच्या वेबसाइटवर स्वतः शोधा. ग्रुपमध्ये आलेलं सर्टिफिकेट चालणार नाही.

२. शेअर खरे असतील तर ते एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडे तुमच्या नावावर असतात. त्यांच्या स्टेटमेंटमध्ये दिसले नाहीत, तर ते तुमचे नाहीत.

३. पैसे कोणाच्या खात्यात जातात ते बघा. दर वेळी नवं खातं किंवा भलत्याच ट्रेडर्स-एंटरप्रायझेसचं नाव दिसलं, तर तिथेच थांबा. १ ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने नोंदणीकृत ब्रोकरसाठी खास यूपीआय पत्ते आणलेत, त्यांत ‘ॲट’च्या चिन्हानंतर ‘व्हॅलिड’ हा शब्द असतो. ‘सेबी चेक’वर तो पत्ता पडताळता येतो.

४. ‘परदेशी संस्थेच्या कोट्यातून स्वस्त शेअर’ हे आमिष खोटं आहे. भारतात राहणाऱ्या सामान्य गुंतवणूकदाराला तो मार्ग उपलब्ध नाही, असा इशारा सेबीने फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला होता.

५. नफ्यावरचा आयकर आपण सरकारला भरतो. पैसे सोडण्यासाठी ब्रोकर तो आधी मागत नाही.

पैसे गेले असतील तर

लाजेत एक तासही घालवू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरतात. वाटेत अडकलेले असतील तेवढेच बँक गोठवू शकते. व्यवहारांचे यूटीआर नंबर आणि स्क्रीनशॉट जपा, ग्रुप डिलीट करू नका. आणि ‘फी द्या, पैसे मिळवून देतो’ म्हणणारा फोन आला तर तोही सापळाच समजा.

काकांसोबत बसून आम्ही तक्रार केली. त्या रात्री त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. आतापर्यंत एका खात्यात ३८ हजार गोठवलेले सापडलेत, बाकीच्यांचा पत्ता नाही.

पार्किंगमधला तो एक मिनिट मला अजून आठवतो. ॲपचं कौतुक करण्याऐवजी मी एकच प्रश्न विचारायला हवा होता: ‘काका, पैसे कोणाच्या नावावर पाठवले?’ तुम्हाला कोणी असं ॲप दाखवलं, तर तेवढं नक्की विचारा.