दुखरी पाठ आणि वॉर्डातली पाळी
कुठल्याही वॉर्डात रुग्णाला उचलून, कुशीवर वळवून परिचारिकेची पाठ धरते. दुखणं तीन महिन्यांपलीकडे टिकलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात.

गोळी कोणती यापेक्षा ती कुठल्या पाळीत घ्यायची, हा अवघड प्रश्न. प्रेगाबालिन, अमिट्रिप्टिलिनने गुंगी येते, सुरुवातीला आणि मात्रा वाढवताना जास्त. त्यामुळे पहिली गोळी सुटीच्या आदल्या रात्री घेतलेली बरी. रात्रपाळीवाल्यांनी वेळ डॉक्टरांशी बोलूनच ठरवावी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनने सहसा झोप येत नाही, पण ती रोज घेतल्यास जठर आणि मूत्रपिंडाला धोका असतो, रक्तदाबही वाढू शकतो. ट्रामाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेणं कायदेशीरच. वॉर्डाच्या कपाटातून स्वतःसाठी काढणं मात्र नाही. स्वतःच स्वतःचे डॉक्टर होण्याची या पेशातली खोड तेवढी सोडावी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत जुनाट वेदनेचं वेगळं नाव नाही. हलकी ड्युटी मागताना म्हणूनच मूळ आजाराचं निदान आणि कोणती हालचाल जमत नाही, हे प्रमाणपत्रात स्पष्ट लिहून घ्यावं.