आधी चाकणचा संग्रामदुर्ग पाहा

चिखलीकर सुट्टीला लोहगड, राजगड गाठतात. जवळचा संग्रामदुर्ग मात्र राहून जातो. ‘तिथं बघायला उरलंय काय?’ हा आक्षेप निम्मा खरा आहे. तटबंदी बरीच ढासळली आहे, भोवती वस्ती दाटली आहे. पण १६६० साली किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्यांनी मोगल सरदार शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेला इथंच सुमारे दोन महिने झुंजवलं. हा भुईकोट, डोंगराचा आधार नाहीच. सारी भिस्त खंदक, बुरूज आणि माणसांवर. अखेर मोगलांना भुयार खणून सुरुंगानं बुरूज उडवावा लागला. सपाटीवरचा किल्ला कसा लढवत, हे उंच गडांवर उमगत नाही. माझ्या मते त्यासाठी हा खंदक आणि उरलेला तटच पाहायला हवा.