तळघरातलं माळरान

टोरांटोतल्या आपल्या घराच्या तळघरात, एका अरुंद खोलीत बसून विल्यम कुरेलेक चित्रं काढायचा. तिथे त्याने रंगवली ती मैलोन् मैल सपाट जमीन, जिच्यावर नजर अडवायला साधं टेकाडही नाही. माणसं मुंगीएवढी, आभाळ अफाट, आणि मधोमध पाणसळीत धरल्यासारखी क्षितिजाची रेघ.

पश्चिम कॅनडातल्या या सपाटीला प्रेअरी म्हणतात. तिला ‘माळ’ म्हणताना मी अडखळतो. माळ म्हटलं की मुरूम, कुसळं आणि चरणारी शेरडं आठवतात. प्रेअरीची माती मात्र काळी, कसदार, आपल्या काळ्या रानाच्या जवळची. क्री आणि इतर मूळ जमातींची ही भूमी १८७२च्या कायद्याने कॅनडा सरकारने बाहेरून येणाऱ्यांना वाटायला काढली: १० डॉलर भरा, १६० एकर कसायला घ्या. १८९१पासून युक्रेनी शेतकरी येऊ लागले आणि पहिल्या महायुद्धापर्यंत त्यांची संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. त्यांनी झाडं तोडली, मुळं उपटली आणि मायदेशी बांधत तशीच मातीने लिंपलेली, गवताने शाकारलेली घरं उभी केली.

कुरेलेकची आई अशाच आधी स्थिरावलेल्या घरातली. वडील दिमित्रो आजच्या युक्रेनमधल्या बुकोविना भागातल्या बोरिव्त्सी गावाहून १९२०च्या दशकात आले. सात भावंडांतला थोरला विल्यम १९२७ साली अल्बर्टात व्हिटफर्डजवळ जन्मला. धान्याचे भाव कोसळले तेव्हा, १९३४ साली, कुटुंब मॅनिटोबात स्टोनवॉलला गेलं आणि तिथे दुभत्या गाई राखू लागलं. पोरगा हळवा, यंत्रांपुढे बावरणारा. शेतीला असा मुलगा काय कामाचा, असं वडिलांना वाटे; चित्र काढणं हा त्यांच्या लेखी रिकामपणचा उद्योग. शाळेत परक्या भाषेची आणि परक्या चालीरीतींची थट्टा व्हायची. या जमिनीने त्याला आधी जखमच दिली.

ती जखम १९५२ साली त्याला लंडनच्या मॉडस्ले मनोरुग्णालयात घेऊन गेली. आपल्या मनात काय चाललंय हे डॉक्टरांना दाखवावं म्हणून १९५३ साली त्याने ‘द मेझ’ रंगवलं: चिरून उघडलेली कवटी, आत आठवणींचे कप्पे, मधल्या कप्प्यात अंग चोरून पडलेला पांढरा उंदीर. ही कवटी पडली आहे ती उघड्या शेतात. इतक्या लांब येऊन, इतका मोडून पडूनही त्याच्या डोक्याखाली माती प्रेअरीचीच होती. मला या चित्राकडे पाहताना दर वेळी तेवढंच दिसतं.

पुढे त्याला कॅथलिक श्रद्धेचा आधार सापडला आणि तो कॅनडाला परतला. लंडनमध्ये चौकटी बनवायचं काम शिकला होता. टोरांटोत आयझॅक्स गॅलरीत तेच करून पोट भरू लागला. तिथेच १९६० साली त्याचं पहिलं प्रदर्शन झालं. त्याची कामाची रीत सुताराला शोभेल अशी. फळीवर पांढरा लेप, त्यावर रंगाचा पातळ हात, मग साध्या बॉलपेनने रेघा, रंगीत पेन्सिली, आणि टोकदार हत्याराने रंग खरवडून काढणं. जवळ जाऊन पाहावं तर गवताची काडी न् काडी वेगळी. पुष्कळदा चौकटही तो स्वतःच बनवी, कधी तिच्यावर युक्रेनी नक्षी काढी. हाताने काम करणाऱ्या बापाचा हा मुलगा चित्रातही राबत होता, असंच म्हणावं लागेल.

१९६४ साली त्याने कॅनडात शेती करणाऱ्या परदेशी माणसाची चित्रमालिका मांडली. ती वडिलांसाठी होती. मग १९६७ साली युक्रेनी बाईच्या कष्टांवरची मालिका, आईसाठी. ज्या बापाला चित्र म्हणजे काम वाटत नव्हतं, त्याच्याच कामाची चित्रं त्याने काढली. तक्रारीचा सूर न लावता, आणि खोटी गोडीही न आणता. मला कुरेलेक मोठा वाटतो तो इथे. गावाच्या आठवणी काढणारे पुष्कळ असतात. त्यांच्या चित्रांत धान्याच्या राशी दिसतात, पण राबणाऱ्याचा वाकलेला कणा दिसत नाही. कुरेलेकच्या चित्रांत हात गारठतात, जनावरांना पाणी दाखवावं लागतं, गवत ओढून आणावं लागतं. १९७३ साली आलेल्या ‘अ प्रेअरी बॉइज विंटर’ या मुलांसाठीच्या पुस्तकात अशी वीस चित्रं आहेत. थंडीआधी निघून जाणाऱ्या कावळ्यांपासून हिवाळा सुरू होतो. मग बर्फातले खेळ येतात, शाळा येते, आणि कामं तर सगळीकडेच. दोन वर्षांनी उन्हाळ्याचं पुस्तक आलं. थट्टा सोसलेलं ते पोर या पानांवर पोरांच्या घोळक्यात आहे.

पण त्याला आणखी मागे जायचं होतं. वडिलांच्या गावात एकदा, १९७० साली, सोव्हिएत अमलात जेमतेम पाऊल टाकता आलं होतं. १९७७ साली तो पुन्हा बोरिव्त्सीला गेला आणि या वेळी काही आठवडे राहून गावातलं रोजचं जगणं कागदावर उतरवत बसला. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला टोरांटोत कर्करोगाने तो गेला, वयाच्या पन्नासाव्या वर्षी.