मातीचं धरण पाझरतं, तरी टिकतं कसं?

पैठणला जायकवाडी धरणावर गेलात, तर सुमारे 10 किलोमीटर लांबीचा मातीचा बांध दिसतो. 1976 पासून तो नाथसागर जलाशय पेलतोय. मराठवाड्याची शेती, छत्रपती संभाजीनगरचं पिण्याचं पाणी, उद्योग, थोडी वीज, सगळं त्याच्या भरवशावर. पण माती पाण्यात वाहून कशी जात नाही?

खरं तर मातीचं धरण थोडं पाझरतंच. त्याच्या पोटातला चिकणमातीचा घट्ट दाबलेला गाभा पाणी रोखतो आणि बाहेरचा मुरूम त्या गाभ्याला आधार देतो. तरीही जे झिरपतं, ते वाळूच्या थरातून बाहेर पडतं. चहाच्या गाळणीसारखा हा थर पाणी सोडतो, मातीचे कण अडवतो. म्हणून पाझर नितळ आणि नेहमीइतकाच असेल तर धोका कमी. तो गढूळला, तर बांध आतून पोखरला जात असण्याची शक्यता असते. घुशीचं बीळ किंवा झाडाचं कुजलेलं मूळही पाण्याला अशी वाट करून देतं.

माथ्यावरून पाणी वाहणं त्याहून घातक, कारण ते माती कापतच नेतं. ते टाळण्यासाठीच जायकवाडीला 27 दरवाजे आहेत. बांध फुटला तर काय होतं, ते 12 जुलै 1961 रोजी दिसलं: पानशेतचं मातीचं धरण फुटलं आणि पुण्यात हाहाकार उडाला. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी व नंतर तपासणी बंधनकारक केली आहे. तुमच्या गावच्या धरणाच्या पायथ्याशी गढूळ पाणी दिसलं, तर त्याच दिवशी पाटबंधारे कार्यालयाला कळवा.